सात वाचणारे

शिक्षणसंस्थेचा कागद रंगराव सरांच्या हाती आला तो तिसऱ्या तासाला, ऐन वर्ग चालू असताना. शिपायानं दारातूनच हात लांब केला. सरांनी कागद वाचला, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवला आणि पुढची ओळ शिकवायला घेतली, तर मागची कोणती ती आठवेना. कागदात लिहिलं होतं की 'बेरार क्वार्टर्ली' हे इंग्रजी वाङ्मयाला वाहिलेलं त्रैमासिक बंद करण्याचं संस्थेनं योजलं आहे, आणि बत्तीस वर्षांच्या संपादनाबद्दल सरांचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार होणार आहे.

शाल! आधी गळा दाबायचा आणि मग त्याच गळ्यात हार घालायचा. सरांना कागदावरच्या त्या सुबक टाइपाचीसुद्धा किळस आली.

रंगराव मूळचे अमडापूरचे. बापाची वांगी-मिरचीची वाडी होती. नागपूरहून एम. ए. होऊन बुलढाण्याला हायस्कुलात मास्तर झाले आणि एकोणचाळीस साली, कोणाला काही कळायच्या आत, त्यांनी हे त्रैमासिक काढलं. जिल्ह्यात तेव्हा कॉलेज नव्हतं. इंग्रजी कवितेवर इंग्रजीत गंभीर लेख छापणारा माणूस या भागात वेडाच ठरायचा, तसा तेही ठरले. पण अंक निघत राहिला. लढाईच्या काळात कागद मिळेना तेव्हा सोळा पानांचा निघाला, पण निघाला. पुढे महाराष्ट्र राज्य झालं, तालुक्याच्या गावाबाहेर टेकाडावर कॉलेज उभं राहिलं, सर तिथे प्राध्यापक झाले आणि संस्थेनं अंकावर आपलं नाव घातलं. आता एकाहत्तर साल उजाडलं होतं. एकशे अठ्ठावीस अंक झाले होते.

अंकाची एक खोड होती. तो कडूबाच्या छापखान्यात छापला जायचा. कडूबा अक्षरांचे खिळे जुळवण्यात पटाईत, पण त्याच्याकडे कडा कापायचं यंत्र नव्हतं. मोठा कागद छापायचा, घड्या घालायच्या, दोऱ्यानं शिवायचा आणि तसाच टपालात टाकायचा. त्यामुळे पानं घडीत जोडलेली असत. ज्याला वाचायचं त्यानं सुरी घ्यायची आणि घड्या कापत कापत वाचत जायचं. सुरुवातीला सरांना याची लाज वाटली. मग विलायतेची नामांकित मासिकं तशीच येतात हे त्यांनी पाहिलं आणि लाजेचा अभिमान झाला. कडूबानं पुढे यंत्र घ्यायचं काढलं तेव्हा सरांनीच त्याला सांगितलं, आपल्या अंकाला हात लावू नकोस.

बंद करण्याचं खरं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव यांच्या पुतण्यानं एक लेख लिहिला होता. अंकाचा रिवाज असा की आलेल्या लेखावरचं नाव झाकून तो दोन जाणकारांकडे पाठवायचा, एक नागपूरला, एक पुण्याला. सरांनी तसाच पाठवला. नागपूरकरांनी लिहिलं की यातला अर्धा लेख मी दुसरीकडे वाचलेला आहे. पुणेकरांनी लिहिलं की अर्धा मीही वाचला आहे, आणि त्यांचा अर्धा दुसरा निघाला. लेख परत गेला. महिन्याभरात संस्थेला मराठीचा कळवळा आला.

सर कागद घेऊन संस्थेच्या कचेरीत गेले. पंजाबराव वेताच्या खुर्चीत पान जुळवत बसले होते.

"या सर, बसा. तुमची मेहनत आमाले ठाऊक हाय. पन आता राज्य मराठीचं झालं. इंग्रजाची चाकरी आपुन काऊन करावं?"

याच माणसानं आठ दिवसांपूर्वी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून आलेल्या नातवाला पाहुण्यांपुढे उभं करून इंग्रजी कविता म्हणायला लावली होती, आणि ती ऐकताना त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. सरांच्या ओठांवर ते आलं होतं. त्यांनी गिळलं.

"बत्तीस वर्षं निघतो अंक," ते म्हणाले. "विलायतेत जातो."

"विलायतेत जाते, हाव. पन इथं वाचते कोन?" पंजाबरावांनी चुना लावला. "तुमी असं करा सर. आपल्या जिल्ह्यातले सात वाचनारे दाखवा. सातच. 'आमी हा अंक वाचतो' म्हून सह्या आना. मंगळवारी सभा हाय. सात सह्या आल्या तर ठराव तुमच्यासमोर फाडतो. इमानाची गोठ."

सर हसलेच. सात? जिल्ह्यात एक्केचाळीस घरी अंक जात होता! घरी येऊन त्यांनी आखीव कागद काढला आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'आम्ही खाली सही करणारे बेरार क्वार्टर्ली नियमित वाचतो.' त्यांची बायको सरस्वतीबाई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "सातच मांगतले? पंजाबराव लय दयाळू झाले." सरांना त्यात टोमणा जाणवला, पण तो पंजाबरावांनाच मारलाय असं त्यांनी धरलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं सर धामणगाव बढ्याला गेले. तिथले उत्तमराव मोठे व्यापारी. अंकाचे पहिल्या दिवसापासूनचे वर्गणीदार, आणि कुठल्याही समारंभात भेटले की दोन्ही हातांनी सरांचा हात धरून म्हणणारे, "सर, तुमच्यामुळं आमची अक्कल जाग्यावर हाय." उत्तमरावांनी चहा मागवला, मान डोलवत कागद वाचला, आणि फाउंटन पेन झटकून झोकदार सही ठोकली.

"बंद करते म्हंजे? असा अंक मुंबईत नाई. चला, तुमाले दाखवतो."

माजघराशेजारच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे अंक ओळीनं उभे होते, एकही गहाळ नाही. सरांचा ऊर भरून आला. मग त्यांना दिसलं की प्रत्येक अंकाच्या माथ्यावर हळदकुंकवाची बोटं उमटली आहेत, जुन्यांवर कितीतरी थर.

"दर दसऱ्याले पूजा करतो," उत्तमराव म्हणाले. "सरस्वती हाय ते. तुमचा तो लेख तर, वा! काय लेख होता!"

"कोणता?"

"तोच. मोठा."

सरांनी हात घालून सत्तावन्न सालचा अंक काढला. त्यात त्यांचा स्वतःचा लेख होता, दोन वर्षं खपून लिहिलेला. अंक उघडला तर तो उघडेना. पानं घडीत जोडलेली, जशी कडूबाच्या हातून निघाली तशी. दुसरा काढला. तिसरा काढला. एकाही अंकाला कधी सुरी लागली नव्हती. बत्तीस वर्षं पूजा आणि एकही पान कापलेलं नाही! उत्तमराव शेजारी उभे राहून प्रसन्न हसत होते. सरांनी काय पाहिलं हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. कुंकू त्यांच्या बोटांना लागलं होतं. ते त्यांनी रुमालाला पुसलं, पण सही पुसली नाही. सही हवी होती.

तिथून ते रोहिणखेडला गेले, नारायणरावांकडे. नारायणराव निवृत्त हेडमास्तर. हा माणूस तरी खरा, याची सरांना खात्री होती. कारण प्रत्येक अंकानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी नारायणरावांचं कार्ड यायचं: 'अंक मिळाला. नेहमीप्रमाणे सकस. विचारांना चालना मिळाली.' वीस वर्षं, वर्षाला चार कार्डं. सरांनी ती सगळी एका डब्यात जपली होती. कधी मन खचलं की डबा उघडायचे.

नारायणराव ओसरीवर बसले होते. सही करायला चष्मा सापडेना, म्हणून म्हणाले, "सर, त्या मेजाच्या खणात पाहा बरं, तुमच्या हाताशी हाय." सरांनी खण ओढला. चष्मा होता. चष्म्याखाली तीन कार्डं होती, सरांच्याच पत्त्याची. 'अंक मिळाला. नेहमीप्रमाणे सकस. विचारांना चालना मिळाली.' तिन्हींवर तारखेची जागा तेवढी मोकळी होती. पुढच्या तीन अंकांची पोच लिहून तयार होती, आणि ते अंक अजून छापलेसुद्धा नव्हते.

नारायणरावांनी सरांच्या हातात कार्डं पाहिली. चोरी पकडल्यावर माणूस खजील तरी होतो. हे हसले.

"आता हात कापते सर. म्हून बसलो की चार लिहून ठेवतो. तुमाले वाईट नको वाटाले."

अंक कोपऱ्यात पेटीवर रचलेले होते, प्रत्येक आपापल्या तपकिरी वेष्टनात. कुणी वेष्टनही फोडलं नव्हतं. सरांनी कार्डं खणात ठेवली, चष्मा दिला, सही घेतली. "चहा घ्या ना," नारायणराव म्हणाले. सरांनी चहा घेतला नाही.

उरलेल्या पाच सह्या मिळवायला दीड दिवसही लागला नाही. एका वकिलानं कागद न वाचताच सही केली आणि विचारलं, पूल कुठे व्हायचाय? एका डॉक्टरांनी सही करता करता सांगितलं की अंकातल्या गोष्टी त्यांच्या मंडळींना फार आवडतात. अंकात एकही गोष्ट कधी आलेली नव्हती. तिसऱ्यानं अंक चाळून दाखवला, म्हणजे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ. सोमवारी दुपारपर्यंत कागदावर सात सह्या झाल्या होत्या आणि सर शिसारीनं नखशिखांत भरले होते.

घरी येऊन त्यांनी कागद मेजावर फेकला.

"ढोंगी, सगळे ढोंगी! पंजाबराव बरा, तो निदान तोंडावर बोलला. हे हरामखोर पूजा करतात! पोच लिहून ठेवतात! कोन्या जन्माचं पाप म्हून म्या यांच्यासाठी रक्त आटवलं?" सर चिडले की अमडापूर त्यांच्या तोंडात यायचं.

सरस्वतीबाईनं पाणी दिलं. "सह्या भेटल्या ना?"

"भेटल्या. थुंकावं वाटते त्यावर."

थुंकले नाहीत. उद्या सभेत कागद द्यायचाच होता, पण नुसता नाही. पंजाबरावांच्या नाकाला झोंबेल असं काहीतरी सोबत हवं होतं. जिल्हा वाचत नसेल, जग वाचतं. अंकाच्या बदल्यात परदेशातून नऊ मासिकं येत. त्यांतलं 'मूरलँड पेपर्स' सरांच्या विशेष जिव्हाळ्याचं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावातून मिस हॅडली नावाच्या बाई ते काढत, जवळजवळ एकट्याच. पूर्वी त्यांनी 'बेरार क्वार्टर्ली'बद्दल चार गौरवाच्या ओळी छापल्या होत्या. त्याच ओळी सभेत वाचून दाखवायच्या. गेली कित्येक वर्षं मात्र बाईंचा अंक येत नव्हता. सरांनी याबद्दल आपल्या संपादकीयात एकदा टोचूनही लिहिलं होतं, की आम्ही गरीब देशातून नेमानं अंक पाठवतो, आणि श्रीमंतांना मात्र परतफेडीची आठवण राहत नाही.

सरांनी अदलाबदलीच्या मासिकांचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर जुनी, खालच्या फळीवर नवी. प्रत्येकावर शिक्का, नोंदवहीचा क्रमांक, आल्याची तारीख, सगळं सरांच्या हातचं. मधलं एक ओढलं आणि उघडलं.

ते उघडेना.

सर बघत राहिले. दुसरं काढलं. तेही जोडलेलं. त्यांनी खाली बसून फळीच रिकामी केली. वरच्या फळीवरची, चोपन्न सालापर्यंतची पानं कापलेली होती, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यापुढची सोळा वर्षं, नऊ मासिकं, सगळ्यांच्या कडा बंद. काही घाईगर्दीची वर्षं आली असतील, अंक काढायचा, लेख तपासायचे, मुद्रितं वाचायची. आलेल्या मासिकाचं मुखपृष्ठ बघायचं, अनुक्रमणिका बघायची, शिक्का मारायचा, आत ठेवायचं. पुढे वाचू. वाचणं नेमकं कधी थांबलं ते सरांना आठवेना, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं.

सरस्वतीबाई दारात आली होती. जमिनीवर पसारा आणि मधे नवरा.

"दर दिवाळीले पुसते ना मी हे," ती म्हणाली. "मले वाटे, इंग्रजी पुस्तकं अशीच बंद रायतात."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सुरी दे," सर म्हणाले.

तिनं भाजीची सुरी पदराला पुसून दिली. सरांनी 'मूरलँड पेपर्स'चा शेवटचा आलेला अंक घेतला, बासष्ट सालचा, शरद ऋतूचा. घडीत सुरी घातली. कड वेडीवाकडी फाटत गेली. तिसऱ्या घडीच्या आत एक पान निघालं. अनुक्रमणिकेत त्याचा उल्लेख नव्हता. वर लिहिलं होतं: वाचकांचा निरोप घेताना.

मिस हॅडलींनी लिहिलं होतं की हा अंक शेवटचा. दृष्टी गेली आहे, मदतीला कोणी नाही. मग वर्गणीदारांचे आभार, छापखान्याचे आभार. आणि खाली: 'आमच्याशी अंकांची अदलाबदल करणाऱ्या संपादकांना माझी विनंती आहे, विशेषतः बेरारमधल्या माझ्या स्नेह्यांना, ज्यांचा अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आले. हे पान तुम्ही उघडलंत तर मला एक ओळ लिहा. कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं एवढं मला समजेल.'

सरांनी ते दोनदा वाचलं. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी त्या पत्त्यावर बत्तीस अंक धाडले होते, आणि वर टोचून लिहिलं होतं. एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला त्यांनी छापील अंकातून कृतघ्न म्हटलं होतं! उत्तमरावांचं कुंकू, नारायणरावांची कार्डं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्या रांगेच्या टोकाला शिक्का घेऊन ते स्वतः उभे होते. कालपासून जी शिसारी ते दुसऱ्यांवर ओतत होते ती फिरून त्यांच्याच अंगावर आली. त्यांनी त्याच वेळी एक पत्र लिहिलं, मिस हॅडलींना, क्षमा मागणारं. लिहिताना ते कोणाला पोचणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सभेत त्यांनी सात सह्यांचा कागद मुकाट्यानं पुढे केला. पंजाबरावांनी नावं वाचली. सगळी वजनदार, दोन तर त्यांच्याच सोयऱ्यातली. त्यांनी कौतुकानं मान हलवली आणि ठराव खरोखर फाडला. टाळ्या झाल्या. "पाहा, आपला जिल्हा काई मागं नाई," ते म्हणाले, "एवढे वाचनारे हायत!" शाल आणलेलीच होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून तीही सरांच्या खांद्यावर टाकली. लोकरीचा वास सरांच्या नाकात गेला.

एकशे एकोणतिसावा अंक मार्चात छापायला गेला. सरांनी कडूबाला शेवटी एक लहानसा मजकूर दिला आणि तो कोणत्या पानावर घ्यायचा ते सांगितलं. कडूबाला इंग्रजी वाचता येत नसे, पण पानांची घडी त्याच्या हातात होती.

"सर, हे तर आतल्या घडीत जाईन. बिना कापता दिसनार नाई कोनाले."

"हाव."

"काय हाय यात?"

"अंक बंद झाला म्हून लिहिलं. हा शेवटचा. अन् ज्यानं हे पान उघडलं त्यानं मले एक ओळ लिहावं."

कडूबानं सरांकडे पाहिलं. बत्तीस वर्षं त्यानं हे खिळे जुळवले होते. "बंद?" तो म्हणाला. "पन सभेत तर चालू ठेवा म्हने."

"ते सभेचं झालं," सर म्हणाले. "तू घडी घाल."

अंक गेले. एक्केचाळीस अंक जिल्ह्यात, बाकीचे देशात आणि विलायतेत. पाचव्या दिवशी रोहिणखेडचं कार्ड आलं: अंक मिळाला, नेहमीप्रमाणे सकस, विचारांना चालना मिळाली. सरांनी ते डब्यात टाकलं नाही, चुलीत टाकलं. एप्रिल गेला. जूनचा अंक निघाला नाही, सप्टेंबरचा निघाला नाही. कोणी विचारलं नाही. नारायणरावांची पुढची दोन कार्डं मात्र वेळेवर आली. दसऱ्यानंतर उत्तमराव बाजारात भेटले, दोन्ही हातांनी हात धरून म्हणाले, "सर, आवंदाचे अंक तर लयच जोरदार!"

डिसेंबरात संस्थेचा वार्षिक अहवाल आला. कॉलेजच्या इमारतीचा फोटो, पंजाबरावांचा फोटो, आणि सातव्या पानावर: 'संस्थेचे इंग्रजी त्रैमासिक यंदाही नियमितपणे प्रसिद्ध होत असून देशी-विदेशी विद्वान ते आवडीने वाचतात.' अहवाल यंत्रावर गुळगुळीत कापलेला होता, कुठूनही उघडत होता.

त्याच आठवड्यात इंग्लंडहून एक पाकीट आलं. सरांनी घाईघाईनं फोडायला घेतलं, मग पत्ता पाहिला. त्यांचंच पत्र परत आलं होतं. वर निळ्या शाईत टपालवाल्यानं लिहिलं होतं की या नावाच्या बाई सात वर्षांपूर्वी वारल्या.

सरस्वतीबाईनं विचारलं, "आलं का कोनाचं?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली. मिस हॅडलींच्या पानाचं उत्तर त्या असेपर्यंत सरांनी धाडलं नव्हतं. सरांच्या पानाचंही कोणी धाडलं नाही.